मदत हवी आहे: क्रिएटिनिन १.४ आणि अँजिओग्राफी सांगितलीय, काय करावं?

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. आई ६८ वर्षांची, डायबेटिस जुना, बीपीची गोळी चालू. दोन महिन्यांपासून एक जिना चढला की धाप लागते, छातीत मात्र अजिबात दुखत नाही, त्यामुळे वय झालं म्हणून आम्हीपण मनावर घेतलं नाही. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली, हार्टवाले डॉक्टर म्हणाले अँजिओग्राफी करू. त्याआधी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) १.४, मला वाटलं किंचितच तर जास्त आहे, पण खाली बारीक अक्षरात ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ४१, आणि लघवीतून प्रोटीनही जातंय. आता किडनीवाले म्हणतात घाई नको, अँजिओग्राफीत रक्तवाहिनीत सोडतात त्या डायने किडनीला त्रास होऊ शकतो. दोघांच्या मधे आई म्हणते मला काहीच करायचं नाही. किडनीचा आणि हार्टचा एवढा संबंध असतो का? कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १:
असतो, चांगलाच असतो. बाबांच्या वेळी आम्हीही १.४ बघून निवांत होतो. चाळिशीतल्या पुरुषाचा हाच १.४ असेल तर ईजीएफआर ६५ च्या आसपास येतो, तुमच्या आईंचा ४१ येतो, म्हणून ईजीएफआरच बघायचा. ६० च्या खाली तीन महिने राहिला की क्रॉनिक किडनी डिसीज धरतात. किडनी मंदावली की कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित बिघडतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसून त्या कडक होतात, वर शुगर आणि बीपी आहेच. आणि छातीत दुखत नाही यावर जाऊ नका, डायबेटिसवाल्यांना कित्येकदा नुसती धापच लागते. बसल्याबसल्या लागली तर मात्र धागा वगैरे सोडा, सरळ इमर्जन्सीत न्या.

प्रतिसाद २:
दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, तुम्ही निरोप्या होऊ नका. डाय कमीत कमी वापरता येईल का, आधी-नंतर सलाईन देणार का, मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू असेल तर कधी थांबवायची, ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन परत बघणार ना, एवढं विचारा. सध्या औषधांवर ठेवता येईल का हेही विचारा. २०२० च्या इस्केमिया-सीकेडी अभ्यासात ७७७ पेशंट होते, त्रास आटोक्यात असलेल्यांत आधी अँजिओग्राफी करून वेगळा फायदा दिसला नाही, पण ते ईजीएफआर ३० च्या खालचे किंवा डायलिसिसवरचे, त्यामुळे आईंना जसंच्या तसं लावू नका. आणि हो, पेनकिलर घेतात का त्या? त्यानेही किडनीला त्रास होतो.

धागाकर्ती:
पेनकिलरचं वाचून आईला विचारलं तर नाही म्हणाली. मग चष्म्याच्या केसमध्ये स्ट्रिप सापडली, दहातल्या तीन उरलेल्या. गुडघ्यासाठी रोज एक, कधीकधी दोन. म्हणे "ती काय औषध आहे होय, नुसती दुखण्याची गोळी." स्ट्रिपचा फोटो दोन्ही डॉक्टरांना पाठवलाय, उद्या दोघं फोनवर बोलणार आहेत.