सुतार, सुतारीण की मादी सुतार?

प्रश्न (इंदूरहून): परसातल्या आंब्याला फळी बांधून तिच्यावर आम्ही पपई आणि शेंगदाणे ठेवतो. तिथे सुतार पक्ष्यांची एक जोडी येते. आता दोघं एकाच फोटोत आले आहेत, नर फळीवर आणि मादी खोडाला चिकटलेली. खाली मराठीत काय लिहावं? ‘सुतार आणि सुतारीण’ चालेल? घरातली मुलं हिंदीच्या सवयीने ‘कठफोडवा’ म्हणतात. आणि चोचीने तो करतो ते टोचणं की ठोकणं?

उत्तर: ‘सुतारीण’ नको. ती सुताराची बायको. इथे मादीही नराच्या बरोबरीने ढोली कोरते. शिंपी, तांबट, खाटीक, धोबी हेही पक्षी धंद्यावरूनच ओळखले जातात, पण ‘शिंपीण पक्षी’ कुणी म्हणत नाही. मादी सुतार, बस्स. ओळखही सोपी आहे: नराचा कपाळापासून मागपर्यंत सगळा माथा लाल, मादीचं कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, लाल फक्त मागचा तुरा.

क्रियापदं मात्र दोन ठेवा. मुंग्या-अळ्यांसाठी साल उचकटतो ते टोकरणं. थांबून, अंदाज घेत, टक... टक. पण वाळक्या फांदीवर एका दमात वाजवतो तेव्हा तो खात नसतो, हद्द सांगत असतो. ते ताशाच्या तर्रीसारखं ऐकू येतं. त्याला ठोकणं किंवा वाजवणं म्हणा, टोचणं नव्हे. फळीवर पपई खातो ते तर नुसतं खाणं!

आणखी एक: नुसतं ‘सुतार’ लिहू नका, जात लिहा. पाठ सोनेरी असेल तर सोनपाठी सुतार. तुमच्या माळव्यात त्याहून लहान, पिवळसर माथ्याचा, पाठीवर काळे-पांढरे ठिपके असलेला मराठा सुतारही दिसतो. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ लॅथमने 1801 साली त्याच्या शास्त्रीय नावात ‘माराटेन्सिस’ घातलं, तेव्हा इंदुरात होळकरांचं राज्य होतं. ‘मराठा सुतार’ हे नाव आपण मराठी माणसांनी हौसेने वापरायला हवं. ‘कठफोडवा’ टाळण्याचं कारण म्हणजे हिंदीत बरेच जण हुदहुद या वेगळ्याच पक्ष्यालाही तेच म्हणतात.

पुढच्या वेळी दोघांचे डोळे स्पष्ट हवे असतील तर अ‍ॅपर्चर एफ-8 च्या आसपास आणि शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. डोकं फार वेगाने हलतं. ओळ अशी लिहा: ‘सोनपाठी सुतार, नर (फळीवर) आणि मादी (खोडावर), इंदूर’. पुढे महिना घाला.