पायथन पॅकेज घेताना तपासायचं काय: रिपॉझिटरी (मूळ कोडचा साठा), की हातात येणारी फाइल?

मूळप्रत, पाळतीवर आणि तिसरी खिडकी या टोपणनावांच्या तिघांची चर्चा.

मूळप्रत:
नवं पॅकेज घ्यायचं की नाही, हे बहुतेक ठिकाणी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे स्टार, शेवटच्या कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) तारीख आणि पिप-ऑडिट या दोष शोधणाऱ्या साधनाचा निकाल पाहून ठरतं. माझ्या मते ही तपासणीच नव्हे. पिप-ऑडिटला फक्त नोंद झालेले दोष कळतात. काल रात्री चढवलेला घातक कोड त्याच्या यादीत कुठून असणार? उलट रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) देऊन ते चालवलं, तर अवलंबित पॅकेजेस शोधताना त्यांचा बिल्ड कोडही (पॅकेज तयार करणारा कोड) चालू शकतो.

तपासायची ती पायपीआयवरून, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारातून, उतरणारी फाइल. डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्रालिटिक्स या पॅकेजच्या ८.३.४१ आणि ८.३.४२ या आवृत्त्यांत क्रिप्टो मायनर (दुसऱ्याच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोचलन काढणारा कोड) घुसला. गिटहबवरच्या कोडमध्ये तो नव्हता.

म्हणून आधी टोकन (प्रवेशाची गुप्त किल्ली) किंवा पासवर्ड नसलेल्या कंटेनरमध्ये (वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाची 'डाउनलोड' आज्ञा चालवा, 'नो-डेप्स' (अवलंबित पॅकेजेस नकोत) आणि 'ओन्ली-बायनरी' (फक्त तयार पॅकेज, सोर्स नको) हे दोन्ही पर्याय देऊन. दुसरा राहिला तर सोर्स पॅकेजचा मेटाडेटा काढताना सेटअप.पाय ही त्याची बिल्ड स्क्रिप्ट चालू शकते, आणि तुम्ही तर नुसतं डाउनलोड करत असता. व्हील, म्हणजे बसवायला तयार असलेलं पॅकेज, ही झिप फाइलच. ती उघडा आणि रिपॉझिटरीतल्या त्याच आवृत्तीच्या टॅगशी (खुणेशी) डिफ करा, म्हणजे ओळीओळीने ताडून बघा. सर्वांत आधी पीटीएच फाइल आहे का ते बघा: तिच्यात 'इम्पोर्ट'ने सुरू होणारी ओळ असली, तर पॅकेज कुठेही वापरलं नाही तरी पायथन सुरू होताच ती चालते. मग एक्झेकला (मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला) दिलेली बेस६४ स्ट्रिंग (सांकेतिक रूपातला मजकूर), आणि एकाच फाइलमध्ये एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (मशीनवरची सेटिंग्ज, ज्यांत गुप्त टोकनही असतात) वाचणं व नेटवर्क कॉल शोधा.

पाळतीवर:
पूर्ण असहमत. मध्यम आकाराच्या प्रकल्पाच्या लॉक फाइलमध्येही (पॅकेजेसच्या पक्क्या आवृत्त्यांची यादी) शंभरेक पॅकेजेस सहज भरतात. आज वाचलेल्या कोडची नवी आवृत्ती पुढच्या आठवड्यात येते, ती कोण वाचणार? व्हीलमध्ये कंपाइल केलेली (मशीनच्या भाषेतली) एसओ फाइल असेल तर वाचायला काही उरतच नाही.

तो वेळ नियंत्रणांवर घाला. लॉक फाइलमध्ये प्रत्येक फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) आणि पिपला तो जुळल्याशिवाय फाइल न घेणारा 'रिक्वायर-हॅशेस' पर्याय. नुसता आवृत्तीचा आकडा पक्का करून भागत नाही. यूव्ही या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या 'एक्सक्लूड-न्यूअर'ने ७ दिवसांपेक्षा ताज्या फाइल्स अडवा. बिल्ड मशीनवरून बाहेर जाणारं नेटवर्क ठरावीक पत्त्यांपुरतं ठेवा.

मूळप्रत:
७ दिवसांनी काय साधतं ते तारखांवर बघू. मे २०२२ मध्ये सीटीएक्स पॅकेजच्या देखभालकर्त्याच्या ईमेलचं डोमेन संपलं होतं. हल्लेखोराने ते विकत घेऊन पासवर्ड बदलला. एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल चोरणाऱ्या आवृत्त्या १४ ते २४ मे, म्हणजे १० दिवस पायपीआयवर होत्या. पायथनबाहेरचं उदाहरण एक्सझेड या फाइल्स आकसणाऱ्या प्रोग्रामचं: ५.६.० आली २४ फेब्रुवारी २०२४ ला, तिच्यातलं बॅकडोअर (चोरदार) उघड झालं २९ मार्चला. आणि ते सुरू करणारी एम४ फाइल (बिल्ड स्क्रिप्ट) फक्त टारबॉलमध्ये (प्रकाशित केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात) होती, गिट रिपॉझिटरीत नव्हती. माझा मुद्दा नेमका हाच आहे.

पाळतीवर:
एक्सझेडचा दाखला तुमच्याच विरोधात जातो. ऑटोटूल्स या बिल्ड साधनांनी बनवलेल्या टारबॉलमध्ये आपोआप तयार झालेल्या फाइल्स नेहमीच जास्तीच्या असतात. हजारो ओळींच्या त्या डिफमध्ये ही एक फाइल माणसाला खटकली नसती. सीटीएक्सबाबत मान्य, तिथे ७ दिवस कमी पडले असते. मग १४ करा, आणि सुरक्षा दुरुस्त्यांना नाव घेऊन सूट द्या. अल्ट्रालिटिक्सची ८.३.४१ मात्र एका दिवसाच्या आत पायपीआयवरून काढून टाकली गेली. थांबलेल्यांपर्यंत ती पोहोचलीच नाही.

तिसरी खिडकी:
दोघांचंही एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतंय. डिसेंबर २०२२ मधलं टॉर्चट्रायटन बघा. पायटॉर्च लायब्ररीच्या नाइटली (रोजच्या चाचणी) आवृत्त्यांच्या स्वतःच्या इंडेक्सवर (पॅकेजेसच्या भांडारावर) असलेल्या पॅकेजच्याच नावाने कुणीतरी पायपीआयवर दुसरं पॅकेज चढवलं, आणि पिपने ते उचललं. 'एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल' दिला की पिप दोन्ही इंडेक्स सारखेच मानतं आणि आवृत्तीचा मोठा आकडा असलेली फाइल घेतं. इथे नेमलेल्या पॅकेजचा कोड कितीही वाचला तरी काय उपयोग? फाइल दुसरीच आली. खाजगी पॅकेजेस असतील तर एकच अंतर्गत प्रॉक्सी (मधला सर्व्हर) ठेवा आणि आपली नावं बाहेरून येऊच देऊ नका.

दुसरं, जोखीम पॅकेज चालतं कुठे यावर ठरवा. प्रकाशनाचं टोकन असलेल्या सीआय जॉबमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-चाचणीत) लोड होणारा, चाचण्या चालवणाऱ्या पायटेस्टचा छोटासा प्लगइन मला नेटवर्कविना चालणाऱ्या मोठ्या गणिती लायब्ररीपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

मूळप्रत:
इंडेक्सचा मुद्दा बिनतोड आहे. शंभर पॅकेजेस वाचणं शक्य नाही, हेही खरं. वाचन थेट घेतलेल्या पॅकेजेसपुरतं ठेवू, पीटीएच आणि एसओचा शोध स्क्रिप्टने सगळ्या व्हील्सवर घेऊ. पण एसओ सापडली की पुढे काय? पायपीआयचं अटेस्टेशन (फाइलच्या उगमाचं सही केलेलं प्रमाणपत्र) असेल तर फाइल कोणत्या रिपॉझिटरीच्या कोणत्या वर्कफ्लोतून (आपोआप चालणाऱ्या प्रकाशन-प्रक्रियेतून) आली, एवढं तरी कळतं.

पाळतीवर:
त्यावर विसंबू नका. अल्ट्रालिटिक्सच्या त्या दोन आवृत्त्या खऱ्या वर्कफ्लोतूनच निघाल्या होत्या, कारण घुसखोरी गिटहब अ‍ॅक्शन्समध्येच, म्हणजे असे वर्कफ्लो चालवणाऱ्या सेवेतच, झाली होती. अटेस्टेशन अस्सल होतं आणि फाइल घातक. एसओ असलेलं पॅकेज घ्यायचंच असेल, तर ते आधी बंद नेटवर्कच्या कंटेनरमध्ये स्ट्रेस (प्रोग्राम सिस्टिमकडे काय मागतो ते नोंदवणारं साधन) लावून इम्पोर्ट करा. नेटवर्कला जोडणाऱ्या कनेक्टचा प्रयत्न किंवा एसएसएच कीच्या (दूरच्या मशीनवर प्रवेश देणाऱ्या किल्लीच्या) फोल्डरमधली फाइल उघडणारा ओपन कॉल लॉगमध्ये दिसला, तर ती आवृत्ती लॉक फाइलमध्ये घेऊ नका.