कंत्राटी शिक्षक : शाळेत नेमकं काय घडलं? अनुभव सांगा

जुलै २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना जिल्हा परिषद शाळांत महिना २०,००० रुपये मानधनावर घ्यायचं ठरलं, पवित्र पोर्टलवरची (शिक्षक भरतीची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) भरती होईपर्यंत. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी डीएड-बीएड झालेल्या बेरोजगारांनाही १५,००० वर घ्यायचा निर्णय झाला. पुढच्या वर्षी तो रद्द झाला. धोरणावर बोलणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी वर्ग सांभाळला किंवा ज्यांची मुलं त्या वर्गात होती, त्यांनी इथे लिहावं.

कंत्राटी शिक्षिका :
द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एकाच खोलीत. दुसरीतला एक मुलगा हातच्याच्या वजाबाकीत अडायचा. बावन्नातून सात काढताना सरळ सातातून दोन वजा करून मोकळा व्हायचा. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दिले. एक गठ्ठा स्वतः सोडल्यावर त्याला कळलं, पण वहीत तेच गणित जमायला आणखी वेळ हवा होता. तेवढ्यात माझ्या नेमणुकीच्या आदेशाची मुदत संपली. कोण कुठवर आलंय ते मुलांच्या नावांसह एका वहीत लिहून ठेवलं. असं लिहून ठेव म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला हेच फार गंभीर वाटतं.

निवृत्त शिक्षक :
बहुवर्ग अध्यापनात हयात गेली, त्यामुळे चार इयत्ता एकत्र बसवणं जड गेलं नाही. ऑनलाइन माहिती मात्र सगळी सोबतच्या सरांनी भरली. माझं घर पेन्शनवर चालतं. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास होऊन बसलेल्या तरुणाचं घर कंत्राटी मानधनावर कसं चालावं?

कायम शिक्षक :
आमच्या शाळेत कंत्राटी बाई नव्हत्या तेव्हा केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) बैठक असली की शाळाच बंद ठेवावी लागायची. त्या आल्या आणि ते थांबलं, हे मान्य करायलाच हवं. पण मानधन महिनोन्‌महिने अडकायचं आणि एसटीच्या भाड्यासाठी त्या उसने पैसे घ्यायच्या. ज्यांच्यामुळे शाळा उघडी राहते, त्यांच्यावर ही वेळ यावी याचा मला संताप येतो.

पूर्वीचे वस्तीशाळा निमशिक्षक (वस्तीवरच्या छोट्या शाळेत मानधनावर शिकवणारे) :
आम्ही १,००० रुपयांवर सुरुवात केली होती. २०१४ मध्ये नियमित शिक्षक झालो. मधल्या काळात कित्येक जण शिकवणं सोडून मजुरीला गेले. मुलांना वाचायला शिकवणारी चांगली माणसं होती ती.

पालक :
मुलीला एका वर्षात तीन शिक्षक झाले. प्रत्येकानं मुळाक्षरांपासून सुरुवात केली. मन लावून शिकवत होते सगळे, तक्रार त्याबद्दल नाही. आदेशाची मुदत निदान वार्षिक परीक्षेपर्यंत तरी ठेवा, आणि वर लिहिलीय तशी वही प्रत्येक शाळेत सक्तीची करा. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत मी हा ठराव मांडणार आहे.