मदत हवी आहे : रोजच्या वापरातल्या एफ-१५० मध्ये डोंगरवाटांसाठी नेमके काय बदलावे?

मंडळी, नमस्कार.

आम्ही कोलोराडोत डेन्व्हरजवळ ऑरोरा येथे राहतो. माझ्याकडे २०१८ सालचा फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक आहे : चार दारांची केबिन, साडेपाच फुटी हौदा, पाच लिटरचे व्ही-८ इंजिन आणि एफएक्स४ पॅकेज, म्हणजे मागचे डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) बटणाने लॉक होते आणि गाडीच्या पोटाखाली संरक्षक पत्रे मुळातच बसवलेले आहेत. रोज कार्यालयात जाऊन-येऊन ४४ मैल होतात, हिवाळ्यात आय-७० महामार्गावरून डोंगरात फेऱ्या असतात आणि उन्हाळ्यात महिन्यातून एखाददुसरा शनिवार-रविवार कच्च्या वाटांवर जातो. थोडक्यात, गाडी बहुतेक वेळ डांबरावरच असते आणि हे विसरून खर्च करायचा नाही, असे मी ठरवले आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही लेक सिटीहून सिनॅमन पास ही खिंड (१२,६४० फूट) चढून इंजिनिअर पासमार्गे (१२,८०० फूट) परत आलो. विरळ हवेत इंजिनाला धाप लागली खरी, पण लो रेंजमध्ये (चढ-उतारासाठीच्या हळू, जोरदार गिअरमध्ये) ताकद कुठेच कमी पडली नाही. अडचणी आल्या त्या वेगळ्याच : उतारावर एका धारदार दगडाने टायरची बाजू चिरली आणि दाराखालची पायरी खडकावर आपटून वाकली. १४५ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) असल्यामुळे उंचवट्यावरून जाताना मधले पोट टेकते, हेही तेव्हाच कळले.

इथल्या एका दुकानाने सहा इंचांचे लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच), ३५ इंची टायर, पोलादी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) असा भरगच्च प्रस्ताव दिला आहे. मला तो पटत नाही. आमच्या कार्यालयाच्या तळघरातल्या पार्किंगची तुळई ६ फूट ८ इंचांवर, म्हणजे ८० इंचांवर आहे आणि ट्रक आजच ७७ इंचांहून थोडा उंच आहे, त्यामुळे सहा इंचांचा विषय तिथेच संपतो. शिवाय मागचा ॲक्सल अखंड असल्याने लिफ्ट कितीही केली तरी डिफरन्शियलच्या गोळ्याखालची जागा टायर वाढवल्यावरच वाढते. दारावरच्या पिवळ्या चिठ्ठीप्रमाणे गाडीची भारक्षमता १,४८० पौंड आहे. आम्ही दोघे, मुलगा आणि दर उन्हाळ्यात सांगलीहून येणारे आई-बाबा मिळून त्यातले साधारण ७५० पौंड माणसांचेच होतात. उरलेल्यात सामान, पाणी, हत्यारे बसवायची की समोर लटकवलेले लोखंड?

म्हणून माझा बेत असा आहे. सध्याच्या २७५/६५आर१८ ऐवजी २७५/७०आर१८ मापाचे, हिमचिन्ह (बर्फातल्या पकडीची खूण) असलेले ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे टायर घ्यायचे. व्यास ३२.१ वरून ३३.२ इंच होईल. जमिनीपासूनची उंची जेमतेम अर्धा इंच वाढेल आणि स्पीडोमीटर सुमारे साडेतीन टक्के कमी दाखवेल, तो फोरस्कॅन या सॉफ्टवेअरने सुधारता येईल. पुढे-मागे बिलस्टाइन ५१०० शॉक्स (धक्के शोषणारे दांडे, पुढच्यांची उंची बदलता येते) बसवायचे आणि वाकलेल्या पायऱ्यांच्या जागी चॅसीला जोडलेले रॉक स्लायडर (खडकांपासून दाराखालची कड वाचवणाऱ्या मजबूत नळ्या) लावायचे.

जाणकारांना विचारायचे ते असे : पुढचे शॉक्स मूळ उंचीवरच ठेवावेत की दीड इंच उचलावेत, आणि उचलल्यास वरचे कंट्रोल आर्म (चाक गाडीला जोडणारे दांडे) बदलणे आवश्यक ठरते का? स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी का? आणि आईचे गुडघे दुखतात, तिला स्लायडरवर पाय देऊन चढता येईल का?

प्रतिसाद : दुकानाला नाही म्हणालात, हे उत्तम केलेत. तुमच्या वापरासाठी मी शॉक्स मूळ उंचीवरच ठेवीन. पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने उचलले की हाफशाफ्टचा (चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, त्याचे सांधे म्हणजे सीव्ही जॉइंट लवकर झिजतात आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा तिरपेपणा) बिघडून महामार्गावर स्टिअरिंग सैल वाटते. मूळ उंचीवर कंट्रोल आर्मचा प्रश्नच येत नाही. अलाइनमेंट मात्र शॉक्स बदलल्यावर करून घ्याच. टायर पाच घ्या. वेगळ्या व्यासाचे चाक लावून फोर व्हील ड्राइव्ह वापरले, तर ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो आणि तुम्हाला स्टेपनी लागणार ती नेमकी डोंगरातच. हौद्याखाली ती बसते का, हे टायर घेण्यापूर्वी मोजून पाहा. एक गोष्ट तुमच्या यादीत नाही : चांगला कंप्रेसर. वाटेवर हवा ३५ वरून २२-२५ पीएसआयवर आणली की पकड आणि आराम दोन्ही वाढतात आणि परतताना ती भरता आली पाहिजे. स्लायडर बाहेरच्या बाजूला किंचित वर वळलेल्या नळीचे घ्या, पाय ठेवता येतो. तरी मूळ पायरीपेक्षा ते उंचच असतील. आणि ब्लॅक बेअर पासच्या अरुंद, तीव्र वळणांवर हा ट्रक, काहीही बदल केलेत तरी, नेऊ नका.

धागाकर्ता : मनापासून आभार. कंप्रेसर यादीत सर्वांत वर घेतला आहे आणि शॉक्स मूळ उंचीवरच ठेवतो. आईसाठी घडीचे स्टूल हौद्यात ठेवू. आता एकच शंका उरली : या मापात मला मिळणारे टायर ई श्रेणीचे, म्हणजे जड आणि कडक आहेत. त्यांची बाजू चिरण्याची भीती कमी, पण रोजच्या ४४ मैलांत ते कितपत हादरवतात, हे कोणी स्वतः वापरून सांगू शकेल का?