शाखेतले थिन क्लायंट व्हीपीएनवर रखडतात, लाइन वाढवावी का?

शाखा_आयटी
हेड ऑफिस पुण्यात, शाखा चिपळूणला. शाखेतले 9 थिन क्लायंट (काम सर्व्हरवर चालतं, इथं फक्त स्क्रीन दिसतो असे छोटे संगणक) हेड ऑफिसच्या विंडोज सर्व्हरवर आरडीपीने, म्हणजे रिमोट डेस्कटॉपने, जातात. दोन्हीकडे मायक्रोटिकचे राउटर, मध्ये आयपीसेक टनेल (हीच ती व्हीपीएन). शाखेची लाइन 50 एमबीपीएस डाउन, 10 अप. सकाळी सगळं छान चालतं. अकरानंतर टॅलीत अक्षरं उमटतच नाहीत, मग एकदम पाच-सहा येतात. अधूनमधून लॉगिन केल्यावर काळा स्क्रीन येतो आणि तिथंच अडकतो. 100 ची लाइन घेऊ का?

तारजोड
पैसे घालू नका इतक्यात. ही दोन वेगळी दुखणी दिसतायत. अक्षरं अडकतात ती लेटन्सीमुळे, म्हणजे डेटा पोचायला होणाऱ्या उशिरामुळे; काळ्या स्क्रीनमागे बहुतेक एमटीयू, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराची मर्यादा, असणार.

शाखेतल्या लॅपटॉपवरून सर्व्हरला पिंग चालू ठेवा आणि त्याच वेळी कुणाला तरी मोठी स्कॅन फाइल मेल करायला लावा. पिंगचा वेळ शेकडो मिलिसेकंदांवर चढला तर अपलोड तुंबतोय. कीबोर्डवरची एक की म्हणजे चिमूटभर डेटा, पण तो त्या फाइलच्या मागे रांगेत उभा राहतो.

शाखा_आयटी
एरवी 22 मिलिसेकंद, फाइल जाताना 380. शिवाय सीसीटीव्हीचा एनव्हीआर (रेकॉर्डर) दिवसभर क्लाउडवर फुटेज चढवतोय.

तारजोड
मग अकराचं कोडं सुटलंच. एनव्हीआरचा अपलोड रात्रीवर टाका. मायक्रोटिकवर क्यू (ट्रॅफिकची रांग नि वेगमर्यादा ठरवणारा नियम) लावून एकूण अपलोड 8.5 ते 9 एमबीपीएसवर रोखा आणि टनेलला वरची प्रायॉरिटी द्या. मर्यादा लाइनपेक्षा थोडी कमीच हवी, नाहीतर रांग तुमच्या राउटरऐवजी मोडेममध्ये लागते आणि तिथं तुमचं काही चालत नाही. मायक्रोटिकची सिस्टिम राउटरओएस 7 असेल तर क्यू टाइप केक किंवा एफक्यू-कोडेल घ्या. फास्टट्रॅकचा (ट्रॅफिक शॉर्टकटने पुढे सोडणारा) नियम चालू असला तर सिंपल क्यू त्या ट्रॅफिकला लागतच नाही. क्यू लावूनही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी आधी तेच बघावं.

आता काळा स्क्रीन. छोटी पाकिटं जातात म्हणून लॉगिन होतं. पूर्ण स्क्रीनचं चित्र यायला लागलं की मोठी पाकिटं टनेलमध्ये मावत नाहीत आणि मधेच गळतात. विंडोजवर पिंगला '-एफ -एल 1472' देऊन (स्विच अर्थातच इंग्रजी अक्षरांत) आकडा 10-10 ने उतरवत जा. उत्तर येईल त्या सर्वांत मोठ्या आकड्यात 28 मिळवले की एमटीयू, त्यातून 40 वजा केले की एमएसएस, म्हणजे एका टीसीपी पाकिटातला कमाल डेटा. समजा 1372 ला उत्तर आलं, तर एमटीयू 1400, एमएसएस 1360. तो एमएसएस मायक्रोटिकच्या फायरवॉलमधल्या मँगलच्या फॉरवर्ड चेनमध्ये टीसीपी सिनवर (जोडणी सुरू करणाऱ्या पाकिटावर) चेंज-एमएसएसने लावा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही बाजूंना.

स्पूलर
प्रिंट दिल्यावर फक्त त्याच माणसाचा स्क्रीन गोठतो का, तेही बघा. गोठत असेल तर आरडीपीतलं प्रिंटर रिडायरेक्शन (सर्व्हरवरून शाखेतल्या प्रिंटरवर छापणं) बंद करा. त्यात प्रिंटचा डेटा स्क्रीनच्याच जोडणीतून येतो. नेटवर्क प्रिंटर असेल तर सर्व्हरवर त्याच्या आयपीने, पोर्ट 9100 वर जोडा. यूएसबी स्कॅनर टनेलमधून रिडायरेक्ट करायच्या भानगडीत तर पडूच नका, स्कॅन शाखेतल्याच फोल्डरमध्ये घ्या.

शाखा_आयटी
1382 ला उत्तर आलं, 1392 ला नाही. म्हणजे एमएसएस 1370?

तारजोड
हो. पण 1360 ठेवा, 10 बाइटांनी काही बिघडत नाही. थिन क्लायंट रीस्टार्ट करून तपासा. जुन्या जोडण्यांना नवा एमएसएस लागत नाही.