मयताच्या घरी जाऊन "देवाची योजना होती" म्हणायलाच हवं का?

नगरची_लेक:
सलाम सगळ्यांना. फेब्रुवारीत माझा मोठा भाऊ गेला. ४१ वर्षांचा, चाकणला सेकंड शिफ्टला होता, जेवणाच्या सुट्टीत छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलला नेईपर्यंत संपलं सगळं. तिसऱ्या दिवशी त्याचा मित्र बॅग घेऊन आला, त्यात डबा होता, मेथीची भाजी अर्धी तशीच, आईने तो डबा घासून पालथा घातला आणि रोज सकाळी उचलून परत घासते. आता त्याच घरात येऊन एक नात्यातले काका बायबलमधलं रोमकरांस ८:२८ वाचून दाखवतात की सगळं कल्याणासाठीच घडतं, देवाची योजना असते, रडू नका, ख्रिस्ती माणसाने परिपक्व असावं. मी विश्वासातच वाढलेय, संडे स्कूल शिकवते, पण त्या दिवशी मला उठून बाहेर जावं लागलं. माझं म्हणणं एवढंच की परिपक्व वागणं म्हणजे लगेच कारण सांगून मोकळं होणं नाही. लाजर मेला तेव्हा आपण त्याला परत उठवणार हे येशूला माहीत होतं तरी तो रडला ना?

प्रभूचा_सेवक:
ताई, तुमचं दुःख समजतं. पण वचन हे वचन आहे, आपल्याला बरं वाटलं तर वाचायचं आणि नाही वाटलं तर बंद करायचं असं नसतं. बायबलमधल्या ईयोबाची दहा मुलं एका दिवसात गेली तरी तो म्हणाला परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. जगातले लोक रडतात तसंच आपणही रडलो तर साक्ष कसली राहिली? पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या, केवढे आघात झाले पण त्या डगमगल्या का?

नगरची_लेक:
ईयोब पहिल्या अध्यायात ते म्हणाला, बरोबर. तिसऱ्यात त्याने स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला तेही वाचा की. मित्र आले ते सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत ठीक होतं, तोंड उघडून कारणं द्यायला लागले तिथे बिघडलं. आणि शेवटी देव चिडला तो ईयोबावर नाही, या मित्रांवर.

केडगाव_लाइन:
रमाबाईंचं नाव निघालंच आहे तर क्रम नीट लावू. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, पदरात वर्षाचीही न झालेली लेक मनोरमा. हे सगळं होईपर्यंत त्या ख्रिस्ती नव्हत्याच, बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. त्यामुळे "ख्रिस्ती विश्वासामुळे डगमगल्या नाहीत" हे या आघातांना लावता येत नाही. विश्वास दिसतो तो नंतर. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या आणि केडगावला (दौंडजवळचं, नगरचं नव्हे) त्यांची सोय केली, कारण भूक म्हणजे काय हे बाईंना स्वतःला माहीत होतं. १९२१ मध्ये मनोरमाच गेली, बाई स्वतः खंगलेल्या, तरी बायबलचं भाषांतर चालूच, १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. मला तरी त्यात प्रवचन कमी आणि काम जास्त दिसतं.

वसईची_मेरी:
मी थोडं उलट बोलते, रागावू नका. माझे मिस्टर अपघातात गेले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हा मला फक्त एकाच वाक्याने धरून ठेवलं, की हे देवाच्या हाताबाहेर नाही. ते काढून घेतलं असतं तर मी उठलेच नसते. म्हणून सगळ्यांनाच ते वाक्य टोचतं असं नका म्हणू. पण हां, ते मला कोणी येऊन सांगितलं नव्हतं, रात्री स्वयंपाकघरात बसल्यावर मीच मला म्हणत होते. जी बाई न सांगता रोज मुलांना शाळेत सोडायची ती जास्त आठवते.

प्रभूचा_सेवक:
मग आम्ही सांत्वनाला जाऊन बोलायचंच नाही का? पाळकाने काय हवापाण्याच्या गप्पा मारायच्या?

नगरची_लेक:
मेरीताई, हे मला पटलं, मी असा विचारच केला नव्हता. वाक्य तेच, पण ज्याचं गेलंय त्याने म्हणायचं आणि पाहुण्याने म्हणायचं यात फरक आहे. सेवक भाऊ, आमचे पाळक आले तेव्हा आईच्या शेजारी चटईवर बसले, स्तोत्र १३ वाचलं, "किती वेळ, परमेश्वरा" वालं, आणि चहा पिऊन गेले, बस. आई त्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

नास्तिक_नाना:
मी तुमच्यातला नाही, आमच्याकडे हेच प्रारब्ध म्हणून सांगतात आणि तेवढाच संताप येतो. योजना कोणाची का असेना, वहिनींचे कागद कोण बघतंय? पीएफसोबत ईडीएलआयचा विमा असतो, नोकरीत असताना माणूस गेला तर वारसाला ७ लाखांपर्यंत मिळतात. पत्नीला पेन्शन, दोन मुलांना वयाच्या २५ वर्षांपर्यंत. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अट मृत्यूला लागू नाही, कंपनी नाही म्हणाली तरी ऐकू नका. प्रार्थना करा, पण हे पण करा.

प्रभूचा_सेवक:
नाना, पैशाने माणूस परत येत नाही.

नास्तिक_नाना:
वचनाने आला का?

केडगाव_लाइन:
नाना, हे जरा जास्त झालं. पण लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले ते प्रकरण आहे बघा, ते लोक जास्त पापी होते असं वाटतं का, असं येशूच विचारतो आणि नाही म्हणतो. कशासाठी मेले ते तिथेही सांगितलेलं नाही.

नगरची_लेक:
नाना, राग नाही आला. कागद आमच्या तरुण संघातला एक मुलगा बघतोय, तीन रविवार वहिनीसोबत बसून फॉर्म भरले, प्रार्थनेत एक शब्द बोलत नाही तो. अडलंय एका ठिकाणी, वहिनीचं आधारवर माहेरचं नाव आहे आणि पीएफला सासरचं. उद्या ऑफिसला जायचंय.

नास्तिक_नाना:
चर्चमधला लग्नाचा दाखला आहे ना? ओरिजिनल आणि दोन झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले पण. आणि सकाळी लवकर जा, दुपारी तिथे कोणी भेटत नाही.