टेक्सासात रानडुकरांसाठी स्वस्तातली भरवशाची सेमी-ऑटो रायफल: कोणती घ्यावी?

पेकनवाला:
नमस्कार मंडळी. हेम्पस्टेडच्या पुढे, वॉलर काउंटीत बारा एकर जागा घेतली आहे. घर, छोटं तळं, पेकनची जुनी झाडं. या हिवाळ्यात रानडुकरांनी तळ्याकडचा अख्खा उतार उकरून टाकला. कुंपणाची जाळी खालून उचलतात आणि पिलांसकट आत येतात. बाबा रत्नागिरीहून फोनवर म्हणाले, "आपल्याकडे भुईमुगात शिरतात तीच जात." पण तिथे हात बांधलेले असतात, इथे टेक्सासात मारायला मुभा आहे.

बजेट रायफल, दुर्बीण, मॅगझिन (रायफलीला लावायची गोळ्यांची पेटी) सगळं धरून 1000 डॉलर. शेजारचे आजोबा म्हणतात जुनी एसकेएस (सोव्हिएत डिझाइनची लष्करी रायफल) घे, ती मरत नाही. ऑफिसातला मित्र म्हणतो रुगर मिनी-14. दुकानात गेलो तर भिंतभर एआर-15, दिसायला सगळ्या सारख्या आणि किंमत 500 पासून 2000 पर्यंत. मधले पैसे नेमके कशाचे? कळप येतो म्हणून बोल्ट-अॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागतो ती) नको वाटते, पुढची गोळी आपोआप भरणारी सेमी-ऑटो हवी. माझा अनुभव म्हणाल तर एनसीसीत .22 चालवली, तेवढाच. माझं ग्रीन कार्ड झालंय, बायको अजून एच-1बीवर आहे. मे महिन्यात आई-बाबा येतायत.

ह्यूस्टनकर:
रायफलीआधी व्हिसाचं बघा. ग्रीन कार्डवर तुम्हाला घेता येते. दुकानात फॉर्म 4473 भरायचा, पार्श्वभूमी तपासणी होते, बस. पण नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. त्यात एच-1बी आलं, एच-4 आलं, बी-2वर आलेले आई-बाबाही आले. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे, तो नसेल तर नाही. तेव्हा बायकोचं ग्रीन कार्ड होईपर्यंत कपाटाची किल्ली किंवा कोड फक्त तुमच्यापाशी हवा. आणि बाबांच्या हातात "जरा धरून बघा, फोटो काढतो" म्हणून देऊ नका. आपली माणसं हे अगदी सहज करतात आणि पुढे इमिग्रेशनच्या फाइलला ते चिकटतं.

शेळीवाली_ब्रेनहॅम:
ह्यूस्टनकरांनी लिहिलंय ते छापून फ्रिजवर लावा. आता रायफलीचं.

आमच्या शेळ्या आहेत, त्यामुळे डुकरं आणि कोयोटी दोन्हींशी रोजचा संबंध. तुमच्या बजेटात सरळ 5.56 (गोळीचं माप, मिलिमीटरमध्ये) ची साधी एआर घ्या. एसकेएस यंत्र म्हणून दणकट आहे, पण "स्वस्त" हा भाग जुना झाला. चीनमधून आयात 1994 मध्ये थांबली, आणि तिला लागणाऱ्या स्वस्त रशियन गोळ्यांचे नवे आयात परवाने 2021 मध्ये बंद झाले. शिवाय तिच्यावर दुर्बीण धड बसत नाही, आणि रात्रीच्या डुकराला दुर्बीण लागतेच. मिनी-14 मला आवडते, हातात छान बसते, पण एकटी रायफलच हजाराच्या वर जाते आणि मॅगझिनही महाग.

एआर स्वस्त मिळते त्याला कारण आहे. डिझाइन युजीन स्टोनर या अभियंत्याचं, 1950च्या दशकातलं. कोल्ट कंपनीकडचं पेटंट 1977 मध्ये संपलं आणि मग ज्याला त्याला बनवता यायला लागली. ढोबळमानाने सगळ्यांची मापं एकच, त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात. स्मिथ अँड वेसनची स्पोर्ट, रुगरची एआर-556, पामेटोच्या साध्या रायफली, या 500 ते 800 डॉलरांत बसतात आणि शेतावरच्या कामाला पुरून उरतात. दोन हजारांत मऊ ट्रिगर, जास्त अचूक नळी, हलकं वजन मिळतं. शंभर यार्डांच्या आतल्या डुकराला त्यातलं काही लागत नाही.

दुकानदाराला या गोष्टी दाखवायला सांगा. नळीवर 5.56 लिहिलेलं हवं. त्यात .223 (जवळजवळ त्याच मापाची गोळी) पण चालते, उलट .223 च्या नळीत 5.56 घालू नये. नळी आतून क्रोम किंवा नायट्राइड केलेली हवी, आपल्या दमट हवेत साधी नळी लवकर गंजते. मग बोल्ट कॅरियर (आत मागेपुढे सरकणारा लोखंडी भाग) बाहेर काढायला लावा. त्याच्या डोक्यावर गॅस घेणारा एक तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. त्या स्क्रूंच्या कडेचं लोखंड ठोकून स्क्रूवर दाबलेलं असतं. नखाने चाचपून बघा, दोन्ही बाजूंना खोल खाच लागली पाहिजे. तिथे वरवर ओरखडे असतील तर ती रायफल परत भिंतीवर. स्क्रू सैल झाला की गॅस गळतो, आणि नेमका कळप समोर असताना रायफल रुसते.

भरवसा रायफलीइतकाच मॅगझिनवर असतो. आमच्याकडे एकदा नवी गोळी चेंबरच्या (नळीत गोळी बसते त्या जागेच्या) तोंडाशी नाक वर करून अडकायला लागली. नवरा म्हणाला रायफल विकू. मी सगळ्या मॅगझिनवर पांढऱ्या पेंटने नंबर टाकले आणि कधी अडकतं ते लिहीत गेले. दर वेळी तीन नंबर. ते फेकलं, दुखणं संपलं. म्हणून मॅगझिन घ्याल तेव्हा चांगली घ्या, मॅगपुलची प्लॅस्टिकची पंधरा डॉलरच्या आसपास येतात, आणि पहिल्याच दिवशी नंबर टाका. बोल्टला तेल भरपूर, एआर कोरडी चालवू नये.

गोळी सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची, लागल्यावर पसरणारी), 62 किंवा 64 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). रेंजवरची 55 ग्रेनची साधी गोळी डुकरावर वापरू नका. जनावर जखमी होऊन झाडीत जातं आणि तिथे तडफडून मरतं. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट कवच असतं, म्हणून नेम कानाच्या मागे. तो साधत नसेल तर चाप ओढायचा नाही.

कोलंबस_टेक्सास:
ताईंशी सहमत, पण मी पैसे आधी पिंजऱ्यात घालीन. मादी सहा-आठ महिन्यांची झाली की व्यायला तयार. गोळीने दोन पडतात, बाकीची शहाणी होऊन मध्यरात्रीनंतर यायला लागतात. मोठं गोल कुंपण करून मका टाकायचा, सगळा कळप आत यायची सवय होईपर्यंत थांबायचं, आणि मग दार पाडायचं. हे काम शेजाऱ्यांत मिळून करता येतं, तुमचे आजोबा त्यात नक्की येतील. कापताना हातमोजे घाला, डुकरांत ब्रुसेलोसिस (माणसालाही होणारा जंतुसंसर्ग) असतो.

पेकनवाला:
सर्वांचे मनापासून आभार. पिंजऱ्याचं आजोबांशी बोलतो. ताई, दोन शंका. हजारातले किती रायफलीवर घालू? आणि बारा एकरांत ही गोळी चालवणं शेजाऱ्यांच्या दृष्टीने बरोबर आहे का? पूर्वेला तीनशे यार्डांवर एक घर आहे.

शेळीवाली_ब्रेनहॅम:
दुसरी शंका पहिली घेते, कारण ती जास्त महत्त्वाची. तुमची जागा सबडिव्हिजनमधली (प्लॉट पाडलेल्या वसाहतीतली) असेल तर काउंटीचे नियम वाचा. दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर काउंटी गोळीबार बंद करू शकते. तुम्ही बारावर आहात, तरी विचारून घ्या. शिकार करताना गोळी शेजाऱ्याच्या हद्दीत गेली तर टेक्सासात तो गुन्हा आहे, आणि 5.56 ची गोळी तीनशे यार्डांच्या कितीतरी पुढे जाते. तेव्हा पूर्वेकडे तोंड करून बसायचंच नाही. तळ्याचा बांध पश्चिमेला असेल तर मका त्याच्या पायथ्याशी टाका आणि स्वतः दहा-बारा फूट उंच माचाणावर बसा, म्हणजे प्रत्येक बार खाली मातीत जातो. पहिल्या रात्री शेजाऱ्यांना आणि गेम वॉर्डनला (शिकारीवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) आधी फोन करून ठेवा. शेतात उजेड हलताना दिसला आणि बार ऐकू आला की लोक 911 लावतात.

पैशांचं म्हणाल तर रायफलीवर साडेपाचशे-सहाशेच. दीडशेची रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साधी दुर्बीण), साठ-सत्तरची मॅगझिनं, कानांसाठी चांगले मफ, कुलपाचं कपाट. उरलेलं सगळं गोळ्या आणि एका दिवसाच्या शिकवणीवर. एनसीसीत तुम्ही आडवे पडून, शांतपणे, कागदावर मारलंत. इथे अंधार असतो, जनावर हलतं आणि तुमचा श्वास फुललेला असतो. 50 यार्डांवर नेम जुळवून घ्या, दोनशेपर्यंत गोळी दोनेक इंचांत राहते, वेगळा हिशोब करावा लागत नाही. डुकरांवर जायच्या आधी निदान दोनशे बार रेंजवर काढा, त्यात विकत घेतलेल्या सॉफ्ट पॉइंटचा एक डबाही प्रत्येक मॅगझिनमधून चालवून बघा.

आणि रेंजची बॅग वेगळी ठेवा, त्या बॅगेतून कधीच प्रवास करायचा नाही. खिशाच्या शिवणीत एखादं काडतूस राहतं, इथे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मुंबई विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतं. तिथे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात, मग चुकून राहिलं म्हणून सुटका लगेच होत नाही. आई-बाबांचं परतीचं सामान भरताना घरातली एखादी रिकामी बॅग दिलीत, तर आधी उलटी करून झटका.